अक्षरांना घर हवे

मराठी भाषेला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने अभिजात भाषेचा दर्जा दिला. गावोगावी ग्रंथदिंड्या निघाल्या, सत्कार झाले, भाषणे झाली. आनंद योग्यच होता. परंतु दिंडी संपल्यावर पालखीतले ग्रंथ कोठे परत गेले, हा प्रश्न कोणी विचारला असता, तर अनेक शहरांना उत्तर देताना अडखळावे लागले असते. भाषेचे मोठेपण शासनाच्या निर्णयाने जाहीर होते. ते टिकते मात्र वाचणाऱ्या माणसांमुळे, आणि वाचणाऱ्या माणसाला ग्रंथ मिळण्याचे एक ठिकाण लागते. हे ठिकाण म्हणजे सार्वजनिक वाचनालय.

या दृष्टीने मध्य रेल्वेच्या कल्याणपुढील तीन शहरांकडे पाहण्यासारखे आहे. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५ लाख ६ हजार, अंबरनाथची २ लाख ५३ हजार आणि कुळगाव-बदलापूरची १ लाख ७४ हजार होती. बदलापूरचा आकडा त्याआधी दहाच वर्षांपूर्वी ९८ हजारांच्या आसपास होता. म्हणजे २०११ मध्येच या तीन शहरांत मिळून सव्वानऊ लाखांहून अधिक माणसे राहत होती. त्यानंतरच्या वर्षांत उभ्या राहिलेल्या इमारतींची रांग लोकलच्या खिडकीतूनही दिसते. घरे झाली, बाजार झाले, मंगल कार्यालये झाली. या साऱ्या बांधकामात शहराने स्वतःच्या वाचनालयासाठी किती जागा राखली, हा खरा प्रश्न आहे.

दगडावरचे अक्षर

अंबरनाथला या प्रश्नाचे एक उत्तर जवळजवळ हजार वर्षांपूर्वी मिळाले आहे. वालधुनी नदीच्या काठी असलेले तेथील शिवमंदिर भूमिज शैलीचे आहे. शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील शिलालेख त्यावर कोरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांनी तो प्रथम वाचला, तेव्हा त्यातील शक ७८२ असा लावला गेला. पुढे अधिक बारकाईने वाचन झाले आणि तो शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० असल्याचे निश्चित झाले. एका अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले.

ही दुरुस्ती शक्य झाली, कारण अक्षर जागेवर होते. संशय आलेला अभ्यासक पुन्हा त्या दाराशी जाऊ शकत होता. शिलाहार गेले, यादव गेले, पुढे अनेक राजवटी आल्या आणि गेल्या. वास्तू उभी राहिली म्हणून लेख राहिला आणि लेख राहिला म्हणून इतिहासाला आपली चूक सुधारता आली. ग्रंथांचेही असेच असते. एखाद्या पुस्तकाची एकच प्रत उरलेली असेल आणि ती कोणाच्या तरी माळ्यावरून रद्दीत गेली, तर त्या पुस्तकापुरता इतिहास कायमचा बंद होतो. दगडावरचे अक्षर हजार वर्षे टिकले. कागदावरच्या अक्षराला शंभर वर्षे टिकवायचे असेल, तर त्याच्या डोक्यावर छप्पर हवे आणि त्या छपराची जबाबदारी घेणारा समाज हवा.

समाजाने बांधलेली परंपरा

महाराष्ट्रात ही जबाबदारी समाजाने फार पूर्वी उचलली होती. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकाराने १८४८ मध्ये ‘नेटिव जनरल लायब्ररी’ निघाली. तीच पुढे पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली गेली. काळ पारतंत्र्याचा होता. काही ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्यांचे साह्य मिळाले. परंतु वर्गणी काढणारे, जागा मिळवणारे आणि संध्याकाळी दिवा लावणारे हात गावातलेच होते.

ठाणे जिल्ह्याचा वाटा यात कमी नाही. कल्याणला रेल्वे १८५४ मध्ये आली आणि दहाच वर्षांत, १८६४ मध्ये, कल्याण सार्वजनिक वाचनालय स्थापन झाले. ठाण्यात १ जून १८९३ रोजी मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली. त्यामागे जेमतेम विशी ओलांडलेले विनायक लक्ष्मण भावे होते. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे ते हेच. इंग्रजी पुस्तकांना मानाचे पान मिळण्याच्या त्या काळात केवळ मराठी ग्रंथांसाठी संस्था काढावी, हा विचारच स्वाभिमानाचा होता. मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी, १८९८ मध्ये निघाले. राजधानीच्या आधी जिल्ह्याच्या गावाने पाऊल टाकले.

बदलापूरवरून रेल्वे १८५६ पासून धावते आहे. कल्याणनंतर अवघ्या दोन वर्षांचे अंतर. परंतु कल्याण आणि ठाणे ही जुनी नगरे होती. तेथे पेठ होती, वकील होते, शाळामास्तर होते, गावाचे भले-बुरे ठरवणारी मंडळी होती. पुढील तीन ठिकाणे शहर म्हणून वाढली ती प्रामुख्याने विसाव्या शतकात, आणि प्रत्येक जण वेगळ्या कारणाने. वाचनालयाचा विचार तेथे मागे का पडला, हे समजून घेण्यासाठी ती कारणे पाहावी लागतात.

तीन शहरे, तीन कहाण्या

उल्हासनगर ही फाळणीची संतती. दुसऱ्या महायुद्धातील कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत सिंधमधून आलेल्या हिंदू निर्वासितांना आसरा देण्यात आला. गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते ८ ऑगस्ट १९४९ रोजी या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. आलेल्या सिंधी बांधवांनी भीक मागितली नाही. त्यांनी टोपलीत माल घेऊन लोकलमध्ये विक्री केली, कारखाने काढले, बाजारपेठ उभी केली. त्यांचा प्रांत मात्र परत मिळणार नव्हता. पंजाबी आणि बंगाली निर्वासितांना निदान आपल्या भाषेचा अर्धा प्रांत भारतात उरला. सिंधी समाजाच्या वाट्याला तोही आला नाही. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले. तिच्याजवळ राज्य नव्हते, तिचे लोक होते आणि तिचे ग्रंथ होते.

आज त्या ग्रंथांपुढे वेगळेच संकट आहे. जुन्या पिढीची पुस्तके अरबी धाटणीच्या सिंधी लिपीत आहेत. नातवंडे देवनागरी आणि इंग्रजी वाचतात. आजोबांचे कपाट नातवाला उघडता येते, पुस्तक मात्र वाचता येत नाही. अशी कपाटे एकामागून एक रिकामी होत असताना त्यांतील पुस्तके एका जागी जमवणे, त्यांच्या याद्या करणे, निवडक ग्रंथ देवनागरीत आणणे हे काम एखाद्या कुटुंबाच्या आवाक्यातील नाही. त्यासाठी शहराचे ग्रंथालय लागते. तेथे मराठी आणि सिंधी ग्रंथ एका छपराखाली असतील, तर दोन समाजांचे शेजारपण बाजारातल्या देवघेवीच्या पलीकडे जाईल.

अंबरनाथ कारखान्यांचे गाव. विम्कोचा आगकाड्यांचा कारखाना, आयुध निर्माणी, पुढे आलेली औद्योगिक वसाहत यांनी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसे आणली. कामगार तीन पाळ्यांत जगत होता. भोंग्यावर चालणाऱ्या गावात वाचनालयाची वेळ पाळीशी जुळणे हेच अवघड. आज भोंग्याची जागा लोकलने घेतली आहे. बदलापूरचा नोकरदार पहाटे निघतो आणि रात्री आठ-नऊला परततो. सकाळी नऊ ते बारा आणि संध्याकाळी चार ते साडेसात अशी पाटी लावलेले वाचनालय त्याच्यासाठी रविवारखेरीज बंदच असते.

प्रशासकीय घडामोडींनीही स्थैर्य मिळू दिले नाही. १९८३ मध्ये अंबरनाथ आणि बदलापूर कल्याण महापालिकेत गेले आणि १९९२ मध्ये पुन्हा वेगळे झाले. पाणी आणि रस्ते यांच्या मागे धावणाऱ्या नगरपालिकांच्या अग्रक्रमात ग्रंथालय वर यावे, अशी परिस्थिती नव्हती. कायद्याचेही त्यांच्यावर बंधन नव्हते. महाराष्ट्र नगरपालिका अधिनियम, १९६५ मध्ये ग्रंथालय स्थापन करणे व चालवणे हे नगरपरिषदेचे ऐच्छिक कर्तव्य आहे. महापालिकांच्या कायद्यातही ते ऐच्छिकच आहे. ऐच्छिक कामाची इच्छा नागरिकांनी निर्माण करायची असते, आणि उणीव तेथेच राहिली.

वास्तू काय शिकवते

महाराष्ट्रातील जुन्या वाचनालयांच्या इमारती नीट पाहिल्या, तर त्यांत एक समान रचना आढळते. इमारत बहुधा हमरस्त्यावर किंवा चौकात. दर्शनी भागात ओटा किंवा ओसरी, तेथे उतरत्या मेजावर लावलेली वर्तमानपत्रे. हा मुक्तद्वार विभाग. येथे वर्गणी लागत नाही, नाव विचारले जात नाही. हमाल, विद्यार्थी, निवृत्त मामलेदार एकाच बाकावर बसतात. आत देवघेव विभाग, ग्रंथपालाचे टेबल आणि त्यामागे कपाटांच्या रांगा. वर सभागृह. तेथे वसंत व्याख्यानमाला, कीर्तन, सत्कार, कधी शोकसभा. भिंतीवर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी, आणि त्या पाटीवर हजारांच्या शेजारी पाच रुपये देणाऱ्याचेही नाव.

ही रचना कोणा विख्यात वास्तुविशारदाने ठरवलेली नव्हती. समाजाच्या गरजेतून ती घडली. ओसरी सर्वांची, कपाटे सभासदांची, सभागृह गावाचे, असा तो क्रम आहे. रस्त्यावरून जाणारा माणूस पायरी चढून वर्तमानपत्राला हात घालतो, काही दिवसांनी आत डोकावतो, पुढे सभासद होतो आणि एके दिवशी कार्यकारी मंडळात बसतो. नागरिक घडवण्याची ही शाळा आहे, आणि तिचा पहिला वर्ग त्या ओसरीवर भरतो. वाचनालय व्यापारी संकुलाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या कोपऱ्यातील गाळ्यात गेले की ओसरी नाहीशी होते. मग तेथे जातो तो आधीपासूनच वाचणारा माणूस. न वाचणाऱ्याला आत ओढणारी वाटच बंद होते.

दुसरी बाब निव्वळ बांधकामाची, परंतु तितकीच महत्त्वाची. पुस्तके जड असतात. भारतीय मानकानुसार राहत्या घराची जमीन दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखली जाते. ग्रंथभांडारासाठी हाच भार किमान ६०० किलो धरावा लागतो. मांडण्या उंच असतील तर त्याहून अधिक. म्हणजे सदनिकेत किंवा गाळ्यात थाटलेले ग्रंथालय वाढू लागले की इमारतच त्याला अडवते. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी शेवटचे सूत्र ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, असे सांगते. वर्धिष्णू संस्थेला भाड्याची खोली पुरत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. उल्हास नदीच्या खोऱ्यातील पाऊस आणि दमट हवा बुरशीला, कसरीला आणि वाळवीला पोषक. २६ जुलै २००५ चा महापूर या पट्ट्यातील लोक विसरलेले नाहीत. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. अशा ठिकाणी दुर्मिळ ग्रंथ तळमजल्यावर ठेवणे म्हणजे त्यांना नदीच्या हवाली करणे होय. उंच जोते, खाली वृत्तपत्र विभाग, वर ग्रंथभांडार, समोरासमोर खिडक्या आणि भिंतीपासून हातभर सुटी मांडणी, एवढ्या साध्या गोष्टी पाळल्या तरी पुस्तकांचे आयुष्य कितीतरी वाढते.

एका शिक्षकाचे उदाहरण

परिस्थिती प्रतिकूल असतानाही एका व्यक्तीच्या ध्यासातून काय घडू शकते, याचे उदाहरण बदलापुरातच आहे. श्याम जोशी या चित्रकला शिक्षकाने तेथे ‘ग्रंथसखा’ वाचनालय उभे केले. लाखाच्या वर ग्रंथ आणि दुर्मिळ मराठी पुस्तकांचा साठा यांमुळे दूरदूरचे अभ्यासक बदलापूर स्थानकावर उतरू लागले. मुंबईकडे तोंड करून जगणाऱ्या उपनगराकडे मुंबईचे अभ्यासक येऊ लागले, ही गोष्ट लहान नाही. मोठे अनुदान किंवा मोठा उद्योगपती पाठीशी असल्याशिवाय काही होत नाही, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर आहे.

तथापि असे उदाहरण पाहून समाजाने केवळ टाळ्या वाजवाव्यात, हे पुरेसे नाही. एका माणसाने आयुष्य वेचून जमवलेला संग्रह पुढील शंभर वर्षे कोण सांभाळणार, हा प्रश्न त्या माणसाचा नसून शहराचा असतो. भावे गेले, परंतु ठाण्याचे ग्रंथसंग्रहालय राहिले, कारण त्याभोवती संस्था उभी होती. व्यक्ती आरंभ करते, संस्था सातत्य देते आणि वास्तू त्या सातत्याला ठिकाण देते.

कायदा आहे, कष्ट हवेत

देशातील पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानात १९४५ मध्ये झाला. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. तमिळनाडू, कर्नाटक आणि केरळ यांनी मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसवला. महाराष्ट्राने तो बसवला नाही. राज्यातील अकरा हजारांहून अधिक मान्यताप्राप्त ग्रंथालये शासकीय अनुदानावर आणि वर्गणीवर चालतात. अनुदानाचे १९७० चे नियम इमारत व साधनसामग्रीसाठीही आहेत. कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून ग्रंथालयांना साह्य देते आणि त्यात इमारतीचाही समावेश होतो. परंतु यातील बहुतेक साह्य ज्याच्याकडे जागा आहे त्यालाच घेता येते. गाडी येथेच अडते.

जागेचा मार्ग शहराच्या विकास आराखड्यातून जातो. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार आराखड्यात सांस्कृतिक संस्थांसाठी आणि सार्वजनिक इमारतींसाठी भूखंड आरक्षित करता येतात. त्याच कायद्याच्या कलम १२७ मध्ये एक मेख आहे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची सूचना देऊ शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण आपोआप रद्द होते. नकाशावर असलेले वाचनालय अशा रीतीने कोणी विरोध न करताही नाहीसे होते. मोर्चा निघत नाही, कारण मुळात तेथे वाचनालय येणार होते हेच कोणाला ठाऊक नसते.

येथे बडोद्याचे स्मरण उचित ठरेल. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये सक्तीचे प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले आणि शिकलेली मुले वाचन विसरू नयेत म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डेन या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून ग्रंथालयांचे जाळे विणले. त्यांची आर्थिक योजना साधी होती. गावाने जितकी रक्कम जमवायची, तितकीच प्रांत पंचायतीने आणि तितकीच सरकारने द्यायची. इमारतीलाही हेच सूत्र. महाराजांकडे संपूर्ण खर्च करण्याइतके द्रव्य नव्हते असे नाही. परंतु गावाने पहिला रुपया काढल्याशिवाय गावाला ते वाचनालय आपले वाटणार नाही, हे त्यांनी ओळखले होते.

‘आता कोण वाचतो?’

यावर नेहमीचा आक्षेप येतो. हातात भ्रमणध्वनी असताना वाचनालयात कोण येणार? या आक्षेपाला परस्पर उत्तर देणारे दृश्य सर्वत्र आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण अभ्यासिकेत जागा मिळावी म्हणून पहाटे रांग लावतात. दोन खोल्यांच्या सदनिकेत आजी-आजोबा, दूरदर्शन संच आणि धाकटी भावंडे यांच्यामध्ये अभ्यास होत नाही. भ्रमणध्वनीवर पुस्तक मिळेल, शांतता मिळणार नाही. निवृत्त झालेल्या गृहस्थाला घरात वर्तमानपत्र मिळेल, सोबत मिळणार नाही. गृहिणीला दुपारी चार पुस्तके चाळून त्यांतील एक निवडण्याचे स्वातंत्र्य पडद्यावर मिळत नाही. आणि एकोणिसाव्या शतकातील ज्या मराठी पुस्तकाची छायाप्रत अजून कोणी केलेली नाही, ते तर कोठेच मिळणार नाही.

अभ्यासिका आणि वाचनालय यांत मात्र फरक आहे, तो लक्षात ठेवावा. नुसत्या खुर्च्या आणि दिवे दिले की अभ्यासिका होते. तेथे येणारा तरुण शेजारच्या कपाटातील पुस्तकाला हात लावेल, वरच्या सभागृहात व्याख्यान ऐकेल, अशी रचना केली तरच ते वाचनालय होते.

काय करता येईल?

पहिले काम म्हणजे आपल्या शहराचा विकास आराखडा पाहणे. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. त्यातील सांस्कृतिक आणि सार्वजनिक उपयोगाची आरक्षणे किती, त्यांची मुदत केव्हा संपते, मोठ्या गृहसंकुलांनी सोडलेले सुविधा भूखंड कोठे आहेत, याची यादी चार-पाच कार्यकर्ते काही रविवार बसून करू शकतात. दुसरे, स्थानकापासून चालत जाता येईल अशी जागा आणि रात्री दहापर्यंतची वेळ, हा आग्रह धरावा. तिसरे, बडोद्याचे सूत्र स्वीकारावे. गणेशोत्सव मंडळे, गृहनिर्माण संस्था, शाळांचे माजी विद्यार्थी, व्यापारी संघ यांनी पहिला तृतीयांश जमवावा आणि मगच पालिका व शासन यांच्या दारी जावे. रिकाम्या हाताने गेलेल्या शिष्टमंडळाला आश्वासन मिळते, निधी घेऊन गेलेल्या शिष्टमंडळाला टाळणे कठीण जाते. चौथे, निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, वाचनालयाच्या भूखंडाबद्दल विचारावे.

या शहरांतील मध्यमवर्गीय कुटुंबांनी गेल्या दोन पिढ्यांत स्वतःचे घर व्हावे म्हणून अपार कष्ट घेतले. मुंबईची चाळ किंवा गाव सोडून, कर्ज काढून, रोज तीन-चार तासांचा प्रवास सोसून त्यांनी हक्काचे छप्पर मिळवले. त्यातील थोडी चिकाटी सार्वजनिक छपरासाठी वापरली, तर दहा वर्षांत तिन्ही शहरांत हमरस्त्यावर ओसरी असलेले, वर सभागृह असलेले आणि भिंतीवर पाच रुपयांच्या देणगीचीही नोंद असलेले वाचनालय उभे राहू शकते. आरक्षणाच्या मुदतीची घड्याळे चालू आहेत. ती थांबण्याची वाट पाहण्यापेक्षा पहिली वर्गणी आजच काढावी.